शंका असेल तर शून्य

“सात, दोन, नऊ, चार,” बाई म्हणाल्या. दोन अंकांच्या मध्ये मोजून एक सेकंद.

समोरच्या स्टुलावर शिंप्याची मुलगी बसली होती. तिनं डोळे मिटले, ओठ आत ओढून घेतले आणि सावकाश उलट्या क्रमानं म्हणून दाखवलं. “चार, नऊ, दोन, सात.”

बाईंनी मांडीवरची फाइल उघडली, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि चौकटीत शून्य काढलं.

मी त्यांच्या पाठीमागे, दारात उभा होतो. हातात चौथीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि तो टेबलावर ठेवून मी निघून जाणार होतो. बाईंना माझी चाहूल लागली नव्हती. त्यांनी फाइल मिटली आणि पुढचे अंक दिले, “तीन, आठ, एक, सहा.” मुलीनं पुन्हा डोळे मिटले. “सहा, एक, आठ, तीन.” पुन्हा फाइल उघडली, पुन्हा शून्य. मग बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या की छान केलंस हं, जा आता, पुढच्याला पाठव. मुलगी खुशीत माझ्या बाजूनं पळत बाहेर गेली.

खोलीच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. पंखा बंद होता. भर दुपारी त्या बंद खोलीत बसून बाईंच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मी गठ्ठा ठेवला आणि काही न बोलता बाहेर पडलो. आपण चुकीचं ऐकलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. एकोणीस वर्षांत बाईंची एक चौकट चुकलेली मी पाहिली नव्हती. माझ्या मात्र दर वर्षी दोन-चार चुकायच्या, आणि त्या बाईच शोधून काढायच्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आम्ही मुलं मोजतो. उंची-वजन नव्हे, डोकी. आमच्या कार्यालयातर्फे दर वर्षी तीसेक शाळांमध्ये जायचं आणि चौथीच्या मुलांच्या दोन चाचण्या घ्यायच्या. एक गणिताची, ती माझी. दुसरी कार्यस्मृतीची, ती बाईंची. कार्यस्मृती हा कागदावरचा शब्द. साध्या भाषेत सांगायचं तर एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवून त्याच वेळी दुसरं काम करता येणं. सदतीस सक किती, असं विचारलं की सात सक बेचाळीस, दोन खाली, हातचे चार. आता तीन सक अठरा होईपर्यंत ते चार कुठेतरी धरून ठेवावे लागतात. ज्याचे सुटतात त्याचं गणित चुकतं, आणि मग घरी आणि शाळेत त्याला ढ म्हणतात. वास्तविक त्याला पाढे येत असतात. त्याला धरून ठेवणं जमत नसतं.

वर्षाच्या शेवटी आम्ही दोघांचे आकडे एका मोठ्या तक्त्यावर शेजारी शेजारी मांडायचो. डावा रकाना बाईंचा, उजवा माझा. डावीकडे आकडा मोठा की उजवीकडेही बहुतेक मोठा, डावीकडे घसरला की उजवीकडेही घसरलेला. अपवाद असत. हुशार पण आळशी, धरणारं पण भित्रं, अशी मुलं असतातच. पण एकंदरीत ते दोन रकाने एकोणीस वर्षं जोडीनं चालत आले होते. आम्हीही तसेच चालत आलो होतो म्हणा ना. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला गणित्या म्हणायच्या. मुलं त्यांना उलटबाई म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडायचं.

चाचणी घ्यायची बाईंची एक रीत होती आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती शिकवली जाई. अंकांचा कागद मुलासमोर ठेवायचा नाही, कारण नऊ वर्षांचं पोर टेबलाच्या पलीकडून उलटा कागद सहज वाचतं. तो फाइलमध्ये घालून मांडीवर ठेवायचा. एक ओळ डोळ्यांखालून घालायची, फाइल मिटायची, मग मुलाच्या तोंडाकडे बघून अंक म्हणायचे. मूल उत्तर देत असताना पेन्सिल टेबलावर आडवी पडलेली असली पाहिजे. हातात पेन्सिल असली की मूल तिच्या टोकाकडे बघत राहतं, ती हलली की आपलं चुकलं असं समजतं आणि डोक्यात धरलेलं सोडून देतं. म्हणून उत्तर लिहून घ्यायचं नाही. आपणच डोक्यात धरायचं, मूल थांबलं की फाइल उघडून ओळीशी ताडून बघायचं आणि गुण द्यायचा. अंक जमले तर एक, नाही तर शून्य. दर लांबीच्या दोन ओळी असत; दोन्ही चुकल्या की थांबायचं, आणि त्याआधी जमलेली लांबी हा मुलाचा आकडा.

आणि एक नियम सूचनापुस्तिकेतच छापलेला होता. शंका असेल तर शून्य. बाईंनी तो कधी मोडला नाही.

जी मुलं लवकर थांबत त्यांच्या कागदावर खाली ‘शेरा’ अशी एक ओळ असे. तिथं बाई नेहमी तेच लिहायच्या: ‘प्रयत्न केला. घाबरवू नये.’ साहेबांनी एकदा विचारलं होतं की ही काय भानगड आहे, शास्त्रीय चाचणीत असलं काय लिहायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, घाबरलं की धरलेलं तेवढंही सुटतं.” साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

बस थांब्यापासून शाळेपर्यंत चालताना आमचा एक खेळ असायचा. समोरून गाडी गेली की तिचा नंबर उलटा म्हणायचा, गाडी नजरेआड व्हायच्या आत. मी नेहमी हरायचो. बाई दोन गाड्यांचे नंबर एकदम धरून ठेवायच्या आणि वर माझी चेष्टा करायच्या की तुझ्या डोक्याला तळ नाही, गणित्या. गेल्या वर्षापासून त्यांनी हा खेळ बंद केला. मान दुखते म्हणाल्या. मी म्हटलं, वय झालं की मानेचं असं होतंच.

यंदा सुरुवातीला खिडक्या बंद झाल्या. बाहेरचा आवाज मुलांच्या डोक्यात जातो, असं बाईंचं म्हणणं. ते खरंही असतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मग पंखा बंद झाला. त्याची घरघर. मग एका शाळेत त्यांनी शिपायाला घंटेला फडकं बांधायला लावलं. मग चाचणी चालू असताना व्हरांड्यातून कुणी चालायचं नाही, असं झालं. मुलं घामेजून बाहेर यायची. एकीला चक्कर आली. मी दबकत म्हटलं की बाई, निदान एक खिडकी उघडू या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय सोडून दिला. गुणांची बेरीज त्या मला करायला सांगू लागल्या होत्या. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे. चष्मा तोच होता.

एरवी हे सगळं एक म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण यंदा वरून आदेश आला होता. आजवर आमचे आकडे अहवालात जाऊन बसायचे, त्यांनी कुणाचं भलंबुरं होत नव्हतं. यंदा ज्याला चार अंक उलटे जमले नाहीत त्याला पुढच्या महिन्यापासून वेगळ्या गटात बसवायचं ठरलं होतं.

शिंप्याच्या मुलीच्या या शाळेत असा गट आधीपासूनच होता. तो तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत बसे. शेजारी पाण्याचा पंप. तो चालू झाला की भिंत थरथरते आणि शिकवणारीला ओरडून बोलावं लागतं. खोलीत मणी, पट्ट्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, आणि वर्गशिक्षिका म्हणून दर वर्षी कुणीतरी नवी, नाखूश. हेतू चांगलाच असतो. पण त्या खोलीत गेलेलं मूल परत जिना चढून वर आलेलं मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आजवर वर्गशिक्षकांच्या सांगण्यावरून दर वर्षी चार-पाच मुलं तिथं जायची. यंदा नव्वदांपैकी तेवीस निघाली.

मी कार्यालयात तक्ता घेऊन बसलो. डावीकडे तीन, उजवीकडे वीसपैकी एकोणीस. डावीकडे तीन, उजवीकडे सतरा. डावीकडे दोन, उजवीकडे अठरा. शिंप्याच्या मुलीचा पेपर मी पुन्हा काढून पाहिला. वीसपैकी वीस, आणि कच्चं काम करायची जागा कोरी. सगळं तोंडी. तीन अंकांपलीकडे धरता न येणाऱ्या मुलीनं सदतीस सक दोनशे बावीस कोऱ्या कागदावर कसं आणलं असेल? मी तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. कुलूप लावायची काहीच गरज नव्हती.

साहेबांकडे दुसरी प्रत होतीच. त्यांनी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. स्वारी खुशीत होती. एवढी वर्षं आपण समजत होतो की स्मृती आणि गणित हातात हात घालून चालतात, पण या एका शाळेत ते सुटे झालेत, म्हणजे काहीतरी नवं सापडलंय, असं ते म्हणाले. परिषदेत निबंध वाचायचा त्यांचा विचार होता. त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि एका हाताच्या नखानं दुसऱ्या हाताचं कातडं ओरबाडत होत्या. साहेबांना ते दिसलं नाही. मला दिसलं आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

मी का बोललो नाही, हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. बायको आजारी होती त्या वर्षी माझ्या वाट्याचे निम्मे पेपर बाईंनी तपासले होते, माझ्या नावावर, माझ्या सहीच्या वळणात, कुणाला पत्ता लागू न देता. ती गेली तेव्हाही बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त स्वयंपाकघरातली भांडी घासून ठेवली आणि गेल्या. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. दीड वर्ष काय, कसंही निघेल, असं मला वाटलं. तेवीस मुलांचा विचार मी करत नव्हतो असं नाही. तो मनात आला की मी दुसऱ्या कामाला लागायचो.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मुलं खाली गेली.

त्याच आठवड्यात बाईंच्या भाचीचा फोन आला. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. बहिणीची ही मुलगी त्यांनीच लहानाची मोठी केली होती, आता ती एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करते. ती दबक्या आवाजात बोलत होती.

“काका, मावशी ऑफिसात नीट असते ना?”

मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली की मावशी रोज संध्याकाळी तिच्याकडून अंक वाचून घेते आणि उलटे म्हणते. सरावासाठी म्हणे. आधी पाच घेत होती, मग चारवर आली.

“काल म्हणाली, तू मुद्दाम भरभर वाचतेस. आणि वही फेकली. मावशीनं, काका. वही.”

बाईंनी वही फेकली हे मला खरं वाटेना. त्या खाली पडलेला कागदसुद्धा दोन्ही हातांनी उचलणाऱ्या. पण मी भाचीला सांगितलं की काम फार आहे यंदा, थकल्या असतील, दोन दिवस विश्रांती मिळाली की बरं वाटेल. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. मग तोही गेला.

पुढे आणखी दोन आठवडे असेच गेले. एका शनिवारी विजारीची लांबी कमी करून घ्यायला मी शिंप्याच्या दुकानात गेलो. हे दुकान माझं नेहमीचं. शिंपी माप घेताना तोंडात टाचण्या धरतो आणि त्या टाचण्यांमधूनच मापं पुटपुटतो. दुसऱ्या कुणाला ती कळत नाहीत. त्याची मुलगी शाळेनंतर गल्ल्याशेजारी बसून ती वहीत उतरवून घेते. एकदम पाच-सहा मापं, एका दमात, आणि बाप पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत तिचं लिहून झालेलं असे. मी कित्येकदा कौतुकानं बघत उभा राहिलो होतो.

त्या दिवशी माझ्या आधी एक गिऱ्हाईक होतं. शिंपी पुटपुटला. मुलीनं लिहायला घेतलं आणि थांबली. तिनं विचारलं, छाती किती म्हणालात? त्यानं सांगितलं. तिनं लिहिलं आणि पुन्हा विचारलं, बाही किती? त्यानं टाचण्या काढून हातात घेतल्या आणि सगळी मापं एकेक करून पुन्हा सांगितली. प्रत्येक आकडा लिहिला की ती वर बघायची, बरोबर आहे ना म्हणून. शेवटी एक माप चुकलंच.

शिंपी मला म्हणाला की गेले पंधरा-वीस दिवस हे असंच चाललंय, काही समजत नाही. बोलताना तो हसत होता, पण त्याच्या हातातल्या टाचण्या तशाच राहिल्या होत्या. मी मुलीजवळ गेलो. म्हटलं, बघू, सदतीस सक किती?

ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“मला नाही येणार सर. आमच्या डोक्यात जागा कमी आहे.”

कुणी सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाली, खालच्या वर्गातल्या बाईंनी. सगळ्यांना सांगितलंय. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही, असंही सांगितलंय.

मी विजार तिथेच टाकून निघालो.

सोमवारी दुपारी मी त्या शाळेत गेलो. आमचं तिथलं काम कधीच संपलं होतं, पण भाचीनं सांगितलं होतं की मावशी सकाळपासून तिकडेच गेलीय. शाळा सुटत आली होती. चाचणीच्या त्याच खोलीत बाई एकट्या बसल्या होत्या. टेबलावर तेवीस कागद पसरलेले होते. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि पंखा गरगरत होता. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर डस्टर, खडूचा खोका, पाण्याची बाटली, असं काय काय ठेवलं होतं.

मी म्हटलं, आवाजाचा त्रास होत नाही का?

“त्रास आवाजाचा नव्हताच कधी,” बाई म्हणाल्या.

मी समोरच्या स्टुलावर बसलो. लहान मुलांचं स्टूल, गुडघे छातीला लागत होते. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. शिंप्याच्या मुलीचा.

“त्या दिवशी तू दारात उभा होतास. गठ्ठा ठेवलास तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू ऐकलं होतंस ना?”

“हो.”

“बरोबर म्हणाली होती ती?”

“हो, बाई. दोन्ही वेळा.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता रडतील, पण तसं काही झालं नाही. त्या कागदांकडे बघत बोलू लागल्या. मूल उत्तर द्यायला लागतं, दोन अंक होतात तोवर ठीक असतं, मग पुढचे आले की मागचे निसटतात. फाइल उघडून ओळ बघते तर मूल काय म्हणालं तेच आठवत नाही. बरोबरही असेल, चूकही असेल.

“शंका आली की शून्य. आपला नियमच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मला दर वेळी शंका यायला लागली, गणित्या.”

लिहून का घेतलं नाही, असं मी विचारलं. एवढंच करायचं होतं, मूल बोलेल ते पेन्सिलीनं टिपून घ्यायचं. त्या म्हणाल्या की दोनदा पेन्सिल उचलली होती, पण मूल लगेच तिच्याकडे बघायला लागलं. मग ठेवून दिली. ज्या रीतीनं त्यांनी हजारो मुलांना सांभाळलं होतं, तिनंच या तेवीस जणांचा घात केला होता.

मग त्यांनी विचारलं, “तू का नाही बोललास?”

मी भांड्यांचं सांगितलं नाही. दीड वर्षाचंही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “तीन आठवडे ती पोरं पंपाशेजारी बसलीत.” एवढंच. आवाज चढला नव्हता.

त्या उठल्या, मला खुर्चीत बसायला लावलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. पिशवीतून एक कोरा चाचणीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नावाच्या जागी त्यांनी आधीच आपलं नाव लिहून ठेवलं होतं. वय लिहिलं होतं. इयत्तेच्या जागी एक रेघ मारली होती.

मी म्हटलं, हे कशाला, दोन दिवस रजा घ्या, डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. फाइल मांडीवर घे, म्हणाल्या. पेन्सिल खाली ठेव.

मी ओळ पाहिली, फाइल मिटली. तीन अंक त्यांनी धडाधड उलटे म्हटले आणि माझ्याकडे बघून किंचित हसल्या. मग मी म्हणालो, “दोन, सहा, नऊ, तीन.”

“तीन, नऊ,” बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. ओठ आत ओढून घेतले. “तीन, नऊ... दोन.” डोळे उघडले तेव्हा त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. टेबलावरच्या पेन्सिलीवर होती. “एक राहिला. कुठला राहिला?”

मला सांगता येत नव्हतं. चाचणी चालू असताना सांगायचं नसतं.

दुसरी ओळ दिली. “चार, सात, एक, आठ.” बाईंनी आठ म्हटलं, एक म्हटलं, आणि त्या थांबल्या. पंखा फिरत होता, खाली पंप चालू झाला होता आणि पायाखालची फरशी हलकेच थरथरत होती. मग त्या म्हणाल्या की पुढचं गेलं.

मी पेन्सिल उचलली, पण चौकटीत मला काही लिहवेना.

“मला नीट ऐकू आलं नाही,” मी म्हणालो. “मला शंका आहे.”

“मग काय लिहायचं असतं?”

मी शून्य काढलं. दोन्ही चौकटींत.

“तीनवर थांबले,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आदेशाप्रमाणे मी पण खालच्या खोलीत.” आणि त्या हसल्या, खरोखर हसल्या, आणि मी उठून खिडकीशी गेलो.

त्या दिवशी शाळा सुटायच्या आत त्या खरंच खालच्या खोलीत गेल्या. मी दाराशी थांबलो. पंप चालू होता म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. त्यांनी मुलांना सांगितलं की तुमची उत्तरं बरोबर होती, चूक माझी झाली, तुमची परीक्षा पुन्हा होईल आणि ती हे सर घेतील. एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, म्हणजे उलटबाईंना उलटं येत नाही? बाई म्हणाल्या, यायचं, आता येत नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ती घाबरली असावीत, कारण मोठ्या माणसाचंही असं काही जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. बाईंनी स्वतः पत्र लिहून यंदाचे आपले सगळ्या शाळांमधले गुण रद्द करायला सांगितले. साहेबांचा निबंध बारगळला आणि ते चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. बाईंना घरी बसायला सांगण्यात आलं. भाची त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला फोनवर सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ही फक्त सुरुवात आहे, असं ते म्हणाले.

या शाळेतली फेरचाचणी मी घेतली. खिडक्या उघड्या, पंखा चालू, फाइल मांडीवर, पेन्सिल टेबलावर आडवी. तेवीसपैकी एकोणीस मुलं जिना चढून वर आली. चार खाली राहिली, दर वर्षी राहतात तेवढीच.

शिंप्याची मुलगी शेवटी आली. स्टुलावर अगदी कडेला टेकून बसली. मी चार अंक दिले, तिनं उलटे सांगितले. पाच दिले, तेही सांगितले. पण प्रत्येक अंक म्हटला की ती पेन्सिलीकडे बघायची. पेन्सिल जागची हलत नव्हती.

“बरोबर आहे ना सर?” तिनं विचारलं.

मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, पुढचे ऐक. सहा अंकांपाशी ती तिसऱ्यावर थांबली आणि म्हणाली की नको, मला नाही येणार. पाचवर तिची चाचणी संपली. वर जायला चार पुरे होते, म्हणून ती वर गेली. पण याआधी दुकानात ती सहा सहज धरत होती. बापाच्या तोंडातल्या टाचण्यांमधून येणारी सहा मापं ती धरताना मी स्वतः पाहिलं होतं. ती पुन्हा तिथवर येईल की नाही, मला माहीत नाही. तिचा बाप माझ्याकडून विजारीचे पैसे घेत नाही आता. मी त्याला कारण विचारलं नाही.

संध्याकाळी कार्यालयात कागद मोजायला बसलो. तेवीस हवे होते, चोवीस भरले. पुन्हा मोजले. मग लक्षात आलं की बाईंचा कागद त्या दिवशी माझ्याच फाइलमध्ये राहिला होता. नाव त्यांच्या हातचं. इयत्तेपाशी रेघ. चौकटीत माझी दोन शून्यं. खाली शेऱ्याची ओळ कोरी होती. चाचणी घेणाऱ्यानं ती भरायची असते, आणि मी भरली नव्हती.

मी पेन्सिलीला टोक केलं आणि शक्य तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: प्रयत्न केला. घाबरवू नये.